भूक लागण्याची वाट पाहू नका

वाचकाचे पत्र : "माझे वय 73 आहे. यजमान जाऊन दीड वर्ष झाले. मुलगा आणि सून यांच्याजवळ राहते. दोघेही दिवसभर कामावर असल्याने दुपारी एकटीच जेवते. गेल्या आठ महिन्यांत माझे वजन 58 किलोवरून 52 किलोवर आले. चार घास खाल्ले की पोट भरते, कशालाच पूर्वीची चव लागत नाही, कवळीही सैल झाली आहे. मधुमेहाच्या दोन, रक्तदाबाची एक, गुडघ्यांसाठी वेदनाशामक आणि चार महिन्यांपासून लोहाची गोळी असे सगळे चालू आहे. तेल, तूप, साखर बारा वर्षांपासून जवळजवळ बंद. रात्री सून आग्रह करते, मी नको म्हणते आणि रोज तिचा चेहरा उतरतो. वय झाले की भूक कमी होणारच, असे मी मनाशी धरले आहे. एखादे टॉनिक किंवा भूक वाढवणारे औषध घ्यावे का? आणि सुनेला कसे समजावू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

वजनाचा आकडा तुम्ही पत्राच्या मध्यावर, सहज सांगावा तसा सांगितला आहे. मी उत्तराची सुरुवात त्यापासूनच करतो. 58 किलोतून सहा किलो जाणे म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा, किंबहुना त्याहून किंचित अधिक, आठ महिन्यांत कमी होणे. वजन उतरवण्याचा कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन घटले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे, असे वैद्यकशास्त्र मानते. तुमच्या बाबतीत ही मर्यादा जेमतेम तीन किलोंची होती आणि ती ओलांडून बराच काळ लोटला आहे. म्हणून "वय झाले की भूक कमी होणारच" हे तुमचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे तपासून घेणे हे या पत्रातले सर्वांत तातडीचे काम आहे.

आधी जे खरे आहे ते सांगतो. वाढत्या वयात नाकातील गंध ओळखणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात वासच असतो. म्हणून जीभ शाबूत असूनही अन्न बेचव लागते. जठराचा वरचा भाग पूर्वीसारखा सैलावत नाही, अन्न पुढे सरकायला अधिक वेळ लागतो, आणि "आता पुरे" असा निरोप मेंदूला देणारी कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके जास्त प्रमाणात स्रवतात. त्यामुळे चार घासांत पोट भरल्यासारखे वाटणे हे ढोंग नाही आणि हट्टही नाही. तुम्हाला खरोखरच तसे जाणवते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तरुणपणी आजारपणात वजन उतरले तर बरे झाल्यावर कडकडून भूक लागते आणि उणीव भरून निघते, पण उतारवयात ही आपोआप होणारी भरपाई फार दुबळी होते. भूक मागे पडते आणि मागेच राहते. "भूक लागली की खाईन" हा आयुष्यभर योग्य ठरलेला नियम या वयात त्यामुळेच दगा देतो.

परंतु केवळ वयामुळे होणारी वजनातली घट अतिशय संथ असते. एका वर्षात ती किलोभरही होत नाही. आठ महिन्यांत सहा किलो गेले आहेत, तेव्हा त्यामागे वयाखेरीज आणखी काहीतरी आहे असे धरूनच चालले पाहिजे. शिवाय या वयात घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही मोठ्या प्रमाणात जातात. स्नायू गेले की खुर्चीतून उठणे जड होते, तोल जातो, जखम भरायला वेळ लागतो, आणि साध्या आजारातून उठायलाही अनेक आठवडे लागतात.

आता तुमच्या गोळ्यांकडे वळतो, कारण तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत जास्त तिथेच अडकले. तुम्ही नावे लिहिलेली नाहीत, तरी मधुमेहासाठी बहुतेकांना दिले जाणारे मेटफॉर्मिन भूक कमी करू शकते, तोंडाला धातूसारखी चव आणू शकते, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील बी-12 जीवनसत्त्व कमी करू शकते. लोहाच्या गोळीने मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, आणि पोट साफ नसले की भूक मरते. ही गोळी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि वजन मात्र आठ महिन्यांपासून उतरते आहे, तेव्हा मूळ दोष तिचा नसावा. मात्र चालू घसरणीत तिने भर घातली असणे शक्य आहे.

पण ताई, ही गोळी सुरू का करावी लागली? रक्तात लोह कमी आढळले म्हणूनच ना? 73 व्या वर्षी लोहाची कमतरता आढळली, तर गोळी देऊन न थांबता ते लोह कुठे जाते आहे याचा शोध घ्यावा लागतो. काही वेदनाशामक गोळ्यांमुळे जठराच्या अस्तराला सूज येऊ शकते, कधी व्रण होतो आणि त्यातून रक्त थोडे थोडे झिरपत राहते. रोग्याला पोटात दुखतेच असे नाही, फक्त थकवा येतो आणि अन्नावरची वासना उडते. आतड्यात किंवा जठरात गाठ असली तरी आरंभी चित्र असेच दिसते. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. यांपैकी काहीही नसण्याची शक्यता पुष्कळ आहे. तथापि घटलेले वजन, कमी झालेले लोह आणि चालू असलेली वेदनाशामक गोळी या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर गेल्या असतील, तर त्या कोणी एकत्र जोडून पाहिल्याच नसतील, आणि तसे होऊ नये म्हणून त्या तुम्हीच एका कागदावर लिहून न्या. शौचातून रक्त जाते का याची तपासणी आणि गरज वाटल्यास दुर्बिणीची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा असे मी म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण ठरले तेव्हा तुमचे वजन 58 किलो होते आणि तुम्ही पोटभर जेवत होता. आज आहार निम्म्यावर आला असून गोळ्या तितक्याच आहेत. तुमच्या दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइड किंवा त्या गटातील असेल, तर कमी जेवणावर ती रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते. आणि वृद्धांमध्ये साखर उतरल्याची खूण म्हणजे नेहमी घाम आणि थरथर असेलच असे नाही, कधी नुसता गोंधळ उडतो, बोलणे विसंगत होते किंवा माणूस पडतो. रक्तदाबाचेही तसेच आहे : अंथरुणातून उठताना अंधारी येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्या. सगळ्या गोळ्या, अगदी सांगितल्याशिवाय आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत भरून सोबत न्या. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

तपासण्यांची यादी डॉक्टर ठरवतील. रक्तगणना, साखर आणि तिची तीन महिन्यांची सरासरी, मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम, थायरॉइड, बी-12, लघवी आणि छातीचा एक्स-रे यांपासून साधारणपणे सुरुवात होते. यातील थायरॉइड विसरू देऊ नका. वृद्धांमध्ये ती ग्रंथी अतिसक्रिय झाली तरी अनेकदा नेहमीची धडधड किंवा अस्वस्थता दिसत नाही, नुसता निरुत्साह आणि घटलेले वजन एवढेच दिसते. सर्व तपासण्या होऊनही साधारण चौघांतल्या एकाच्या बाबतीत ठोस कारण सापडत नाही. तसे झाले तर निराश होऊ नका, कारण अशा लोकांची पुढची वाटचाल बहुधा चांगली असते. फक्त काही महिन्यांनी वजन आणि तपासणी पुन्हा पाहावी लागते.

कवळी सैल होणे हे वजन घटल्याचा परिणामही असते आणि कारणही. हिरड्या आणि जबड्याचे हाड झिजले की कवळी हलते, हलणारी कवळी टोचते, टोचते म्हणून माणूस चावावे लागणारे सगळे टाळतो, आणि मऊ, पातळ खाण्यावर राहून वजन आणखी उतरते. दंतवैद्याकडे जाऊन ती बसवून घ्या किंवा नवी करून घ्या, आणि कवळीखालची त्वचा लाल झाली आहे का, जळजळ होते का हेही दाखवा. तिथे बुरशीचा संसर्ग झाला असेल तर साध्या औषधाने तो जातो आणि काही दिवसांतच तोंडाची चव सुधारू शकते. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी.

एक गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला ती ओलांडून जाता येत नाही. यजमान जाऊन दीड वर्ष झाले आणि दुपारी तुम्ही एकट्या जेवता. जिच्या आयुष्यात कित्येक दशके दोन ताटे मांडली गेली, तिला एकाच ताटासमोर बसताना घास गिळवत नसेल, तर त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. उतारवयातले नैराश्य अनेकदा अश्रूंतून दिसत नाही; ते भूक जाणे, पहाटे लवकर जाग येणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे अशा रूपात दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असे जात असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर उपचार आहेत, ते या वयातही लागू पडतात, आणि मिर्टाझापीनसारखे एखादे औषध असेही आहे की जे नैराश्यासाठी देताना भूक वाढण्याचा लाभही होऊ शकतो. ते घ्यावे की नाही हा निर्णय अर्थातच तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

तुमच्या टॉनिकच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो : भूक वाढवण्याचे औषध दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. अशा बाटल्यांमध्ये बहुधा असणारे सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचे औषध आहे. त्याने वृद्धांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता वाढते, लघवी अडते आणि कधी मती गोंधळून माणूस पडतो. भूक वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेजेस्ट्रॉल रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. अमेरिकेतील वृद्धोपचार तज्ज्ञांची संस्था, अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी, वृद्धांसाठी अशा औषधांऐवजी भूक मारणारी औषधे कमी करणे, आवडेल असे अन्न देणे, जेवताना सोबत आणि मदत मिळणे यांवर भर देण्याचा सल्ला देते, आणि मला तो पूर्णपणे पटतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही असेच आहे. तपासणीत कमतरता आढळली तर त्या जरूर घ्याव्यात, एरवी त्यांनी भूक लागत नाही. डब्यातील पोषक पावडर दोन जेवणांच्या मधे घेतली तर थोडी मदत करते, पण ती जेवणाऐवजी घेतली की उरलीसुरली भूकही खाऊन टाकते.

आता खाण्याविषयी. भूक नावाचा घड्याळाचा गजर बिघडला आहे असे समजा आणि काही महिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून खा. दर अडीच-तीन तासांनी थोडेसे, असे दिवसातून पाच-सहा वेळा खावे. भूक आहे का हा प्रश्न मनाला विचारूच नये. पुष्कळ वृद्धांना सकाळी त्यातल्या त्यात बरी भूक असते. तुमचेही तसे असेल तर दिवसातले सर्वांत भरीव खाणे सकाळी ठेवा आणि रात्रीच्या जेवणावरचा भार हलका करा. सुनेबरोबरचा रोजचा ताणही त्याने थोडा सैल होईल.

पोटात जागा थोडी आहे, तेव्हा त्या जागेत काय भरायचे याचा विचार करावा लागतो. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे 9 कॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे 4. म्हणजेच घास न वाढवता ऊर्जा वाढवायची असेल तर तेल, तूप, लोणी, साय आणि दाण्यांचे कूट यांच्याइतका सोपा मार्ग नाही. एक लहान चमचा तेल किंवा तूप, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, शिजलेल्या अन्नात घातले तर जवळजवळ 45 कॅलरी वाढतात आणि पोटाला ते कळतही नाही. बारा वर्षांपूर्वी घातलेली बंधने त्या वेळी योग्य होती, कारण तेव्हा प्रश्न वजन वाढण्याचा होता. आज प्रश्न उलटा आहे. वृद्धांच्या आहारावर कडक पथ्ये लादू नयेत, कारण त्यांनी कुपोषणाचा धोका वाढतो, असे युरोपातील वैद्यकीय पोषणतज्ज्ञांची संस्था एस्पेन आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगते. तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा साखरेवर तुटून पडा असे मी म्हणत नाही. आधी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने वाढवा, आणि साखरेचे उद्दिष्ट तुमच्या वयाला साजेसे थोडे सैल करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रथिनांचा हिशेबही एकदा करून ठेवू. तुमच्या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 52 किलोला 52 ते 62 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 200 मिलिलिटर दुधात सुमारे 7 ग्रॅम प्रथिने असतात. दही, डाळी, कडधान्ये, पनीर, मासे, दाणे यांतून बाकीची भर घालता येते. दुधात दोन चमचे दुधाची पावडर मिसळली तर पेला तेवढाच राहतो आणि पोषण वाढते. प्रत्येक खाण्यात यांपैकी काहीतरी असावे, सगळे एकाच जेवणावर लादू नये. मूत्रपिंडाचा विकार तपासणीत आढळला तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे लागेल.

जेवणाआधी चहा, पातळ सूप किंवा पेलाभर पाणी घेऊ नका; त्याने पोट फुगते आणि जेवण राहून जाते. पाणी मात्र दिवसभर, दोन खाण्यांच्या मधे, आठवणीने प्या, कारण या वयात तहानही भुकेसारखीच मंदावते. जेवायला बसण्यापूर्वी खळखळून चूळ भरा. वास कमी येत असेल तर मीठ वाढवण्यापेक्षा आंबटपणा, मसाल्यांचा सुगंध आणि ताटातला थोडा कुरकुरीतपणा वाढवून पाहा, आणि अन्न गरम असतानाच खा, कारण गरम अन्नाचा वास अधिक दरवळतो. खाल्लेली प्रथिने स्नायूंत उतरायची तर स्नायूंना कामही हवे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, दिवसातून दोनदा, जमेल तितके करा, तोल जात असेल तर भिंतीजवळ खुर्ची ठेवून आणि कुणी सोबत असताना.

सुनेला काय सांगायचे? तिचा आग्रह मायेपोटी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिला मात्र वाटत असेल की आपल्या हाताला चव नाही म्हणून सासूबाई खात नाहीत. तेव्हा तिला शांत वेळ पाहून, जेवणाच्या वेळी नव्हे, एवढेच सांगा : "तुझ्या हाताला चव आहे, माझ्या नाकाला वास येत नाही. तू आग्रह केलास की मला दडपण येते आणि असलेली भूकही जाते. मला मदत हवी आहे, पण वेगळी." मग मदत कोणती ते नेमके सांगा. ताट लहान असावे आणि त्यात आज वाढते त्याच्या निम्मेच वाढावे, कारण भरलेले ताट पाहूनच मन मागे सरते. संपले तर दुसऱ्यांदा तुम्ही मागाल. तिने घास मोजू नयेत. सकाळी निघताना दुपारच्या दोन लहान खाण्यांचे डबे तिने हाताशी ठेवून जावे आणि रात्री सर्वांनी एकत्र बसून खाण्याखेरीज दुसऱ्या कशाविषयीही बोलावे. दुपारसाठी तुमच्यासारखीच एकटी जेवणारी एखादी मैत्रीण शोधा, एक दिवस तिच्याकडे आणि एक दिवस तुमच्याकडे. चारचौघांत बसले की माणूस एकट्यापेक्षा अधिक खातो, हे वारंवार दिसून आलेले आहे. हे पत्र सुनेला वाचायला दिलेत तरी माझी हरकत नाही.

गिळताना अडकणे, काळे डांबरासारखे किंवा रक्तमिश्रित शौच, सतत उलट्या, रोज संध्याकाळी ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, डोळे पिवळे दिसणे, किंवा अचानक गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही दिसले, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेले नसेल, तर घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणेही योग्य नाही. दीर्घ उपासमारीनंतर अचानक मिळालेल्या अन्नाने रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडू शकते, म्हणून अशा वेळी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

एक लहान वही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर वजन करा आणि तारखेसह लिहून ठेवा. रोज वजन करू नका, एका दिवसाचा फरक बहुधा पाण्याचा असतो. पहिल्या महिन्यात काटा 52 वर स्थिर राहिला तरी मी ते यश मानीन, कारण आधी घसरण थांबते आणि मग वजन चढते. त्याच वहीत नवी गोळी सुरू झाल्याची किंवा बंद झाल्याची तारीख लिहा, आणि गोळ्यांच्या पिशवीबरोबर ती डॉक्टरांसमोर ठेवा. चार आठवड्यांचे आकडे जमले की मलाही कळवा. मी वाट पाहतो.